फ्रँकफर्टचे दहा तास आणि माळकरी वहिनी

निफाड तालुक्यातल्या एका बागायतदार वाचकांचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते:

"ताई, आमची साडेचार एकर द्राक्षबाग, सगळी खाण्याची. यंदा खरड छाटणी उरकून, बाग धाकट्या भावाच्या हवाली करून, जूनच्या मध्याला मी नि मंडळी लेकीकडे न्यू जर्सीला निघतोय. फ्रँकफर्टला सकाळी सातला उतरणार, पुढचं विमान संध्याकाळी सव्वापाचला. वार गुरुवार. लेक आधी नेदरलँड्सला होती, म्हणून दोघांच्याही पासपोर्टवर युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा शेंगेन व्हिसा आहे, अजून वर्षभर चालतो. जावई म्हणाले, तासा-दीड तासावर ऱ्हाइन नदीकाठी वाइनच्या बागा आहेत, चाखायलाही देतात. माझं वय ५९, बीपीची गोळी चालू. वाइन आयुष्यात चार-दोनदा घेतली असेल, तीही नाशकात. मला ती बाग बघायचीय आणि तिथली वाइन तिथंच चाखायचीय. अडचण अशी, की मंडळी माळकरी. तिला मी 'किल्ला नि नदी बघून येऊ' एवढंच सांगितलंय, पुढचं तिथं गेल्यावर बघू. हे जमेल का? विमान चुकणार नाही ना? आणि वाइन तोंडात घेऊन थुंकतात म्हणे, ते खरं का?"

भाऊ, तीन प्रश्न विचारलेत आणि चौथा 'पुढचं तिथं गेल्यावर बघू' म्हणून गुंडाळून ठेवलात. मी त्याच्यापासूनच सुरू करते.

वहिनींना घरीच सांगा. आजच सांगा. स्वतःच्या स्वयंपाकघरात त्यांना 'नाही' म्हणता येतं, चिडता येतं, दोन दिवस अबोला धरता येतो. परमुलखात, भाषा येत नाही, परतीची गाडी कुठली ते माहीत नाही, पासपोर्ट तुमच्या खिशात, अशा वेळी त्या काय म्हणणार? गपगुमान कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतील आणि तुमच्या घशाखाली घोट उतरणार नाही. शिवाय पुढे आठ तास एकाच ओळीत शेजारी बसायचंय.

वाइन म्हणजे दारू की नव्हे, यावर २०२२ साली सुपरमार्केटात वाइन ठेवायच्या निर्णयावेळी आपल्याकडे पुरेसा धुरळा उडालाय. तो वाद मी इथं उकरत नाही. वहिनींच्या लेखी ती दारू असेल तर दारूच, तिथं 'अगं फक्त द्राक्षाचा रस आंबवलेला' हे चालवू नका. मात्र त्यांना एक गोष्ट जरूर सांगा: तिकडे वाइन मिळते तिथं बहुतेक ठिकाणी न आंबवलेला द्राक्षरसही मिळतो. त्याला ट्राउबेनझाफ्ट म्हणतात. तोही तसल्याच काचेच्या पेल्यात देतात आणि कोणी वेगळ्या नजरेनं बघत नाही.

आणि सांगताना 'तू पण चल' असं नका म्हणू. 'तुझ्याशिवाय मला काय कळणार' असं म्हणा. तुमच्याच पत्रात पुढे आहे (मी वर कापलंय), की विरळणीला बायांबरोबर वहिनी रोज उभ्या असतात आणि घड हातात घेतला की कुठला मणी काढायचा ते त्यांना न मोजता कळतं. असं माणूस जर्मनीतल्या द्राक्षबागेत नेताय आणि त्यांना किल्ला दाखवणार म्हणता?

आता घड्याळ. सातला उतरलात तरी विमानातून बाहेर, पासपोर्टची रांग, तिथं आता बोटांचे ठसे आणि फोटो, हे सगळं धरून साडेआठच्या आत बाहेर पडाल असं मानू नका. मोठ्या बॅगा मुंबईतूनच थेट अमेरिकेपर्यंत टॅग करून घ्या, म्हणजे हातातलं सामान तेवढं उरेल, ते विमानतळावर ठेवायची सोय आहे. टर्मिनल १ च्या पोटातच लोकल गाड्यांचं स्टेशन आहे. तिथून एस-८ किंवा एस-९ पकडून वीसबाडेन, पाऊण तासाच्या आत. वीसबाडेनला गाडी बदलायची, आरबी-१० ही नदीकाठची गाडी घ्यायची, ती अर्ध्या-पाऊण तासात रूडेसहाइमला नेते.

इथं माझी फजिती सांगते. एस-८ दोन्ही दिशांना एस-८ च असते. मी नंबर बघून चढले, खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश झाले आणि बाहेर नदी, डोंगर दिसायच्या ऐवजी फ्रँकफर्ट शहराच्या उंच इमारती दिसायला लागल्या. तुम्ही फलाटावरच्या पाटीवर शेवटचं गाव वाचा. 'वीसबाडेन' असेल तरच चढा. 'हानाउ' दिसलं की ती उलटी. तिकीट मशीनवर घ्या, दोघांना मिळून दिवसभराचं ग्रुपचं तिकीट सहसा सुटं घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. स्टेशनात शिरायला फाटकं नाहीत, कोणी अडवत नाही, म्हणून फुकट बसू नका. तपासनीस साध्या कपड्यांत येतो आणि दंड ६० युरो. या मार्गावर रुळांची कामंही निघतात, मग गाडीऐवजी बस सोडतात. तेव्हा आदल्या रात्री जावयांना डॉइचे बानच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या ॲपवर एकदा बघायला सांगा.

म्हणजे दहा-सव्वादहाला रूडेसहाइम. तिथून दुपारी एकच्या सुमाराची परतीची गाडी. त्यानंतरची नव्हे. अडीच-पावणेतीनला विमानतळ, पुन्हा सिक्युरिटी, पासपोर्ट आणि अमेरिकेच्या विमानाला वेगळी कागदपत्रांची तपासणी. सव्वापाचच्या विमानाला एवढी फुरसत हवीच. एक गाडी चुकली तरी पुढची साधारण तासाभरात असते, म्हणून एकची धरायची, दोनची नव्हे. हातात निव्वळ पावणेतीन तास राहतात. जावई आणखी दोन गावं आणि एक मठ सुचवतील. ऐकून घ्या आणि एकच गाव करा.

मुंबईहूनचं विमान उशिरा उतरलं तर? तासभर उशीर झाला तर त्याच गाडीनं अलीकडे एल्टविलला उतरायचं, वीसबाडेनपासून पंधरा मिनिटांवर. जूनमध्ये तिथल्या नदीकाठच्या जुन्या किल्ल्यात शेकडो जातींचे गुलाब फुललेले असतात. (हा घ्या तुमचा किल्ला.) दोन तास उशीर झाला तर फक्त माइन्झ, विमानतळापासून अर्ध्या तासाच्या आत, गाडीही बदलावी लागत नाही. कॅथेड्रलच्या आसपास फिरा, कुठं तरी एक पेला घ्या आणि परत. शनिवार असता तर मी तुम्हाला सरळ माइन्झलाच पाठवलं असतं. मार्च ते नोव्हेंबर दर शनिवारी सकाळी तिथल्या बाजाराशेजारी बागायतदार स्वतः वाइन ओततात आणि लोक पिशवीतल्या भाजीसकट उभ्या उभ्या पितात. उशीर याहून जास्त झाला तर विमानतळावरच पाय पसरून झोपा.

इतर वाचकांसाठी एक ओळ. हे सगळं शेंगेन व्हिसा असेल तरच. अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलं की जर्मनीत विमान बदलता येतं, विमानतळाबाहेर पाऊल टाकता येत नाही.

आता बागेकडे. वीसबाडेन सुटलं की डावीकडची खिडकी नदीची, उजवीकडची तुमची. ऱ्हाइन नदी दक्षिणेतून येऊन उत्तरेला समुद्राकडे जाते, पण या टापूत तिला ताउनुस डोंगर आडवा येतो, म्हणून ती वळून तीसेक किलोमीटर पश्चिमेला वाहते. तेवढ्या वळणानं हा मुलूख झालाय. उजव्या काठाचा सगळा उतार दक्षिणेला तोंड करून दिवसभर ऊन खातो, उत्तरेचा गार वारा डोंगर अडवतो, आणि खालची नदी पाण्यावरून उजेड परत फेकते. नाशिक विषुववृत्तापासून २० अंशांवर, हे ५० अंशांवर. इतक्या वर द्राक्ष पिकवायचं म्हणजे उन्हाचा कण न् कण गोळा करावा लागतो. या पट्ट्याला राइनगाउ म्हणतात आणि इथल्या बागांचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग एकट्या रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाखाली आहे.

वाटेत गाइझेनहाइम लागेल. द्राक्ष आणि वाइन शिकवणारी, १८७२ साली सुरू झालेली शाळा तिथं आहे, आता तिचं विद्यापीठ झालंय. १८८२ मध्ये हेर्मान म्युलर नावाच्या स्विस माणसानं तिथं एक संकर केला, म्युलर-थुर्गाउ. जर्मनीभर लागला. त्याची आई-बापं म्हणून रीसलिंग आणि सिल्वानर अशी नावं शंभर वर्षं पुस्तकांत छापली गेली. मग डीएनए तपासला, तर सिल्वानरचा संबंधच नाही! नर्सरीवाल्यानं दिलेल्या रोपाची जात चार वर्षांनी भलतीच निघाली की आपल्याकडे जो बोभाटा होतो, तो आठवून मला नेहमी हसू येतं.

रूडेसहाइमला उतरल्यावर आधी वाइन नाही. आधी रोपवे. दोघांपुरत्या उघड्या पाळण्यांची ही तार गावातून निघते ती सरळ बागांच्या डोक्यावरून वर निडरवाल्डच्या स्मारकाकडे जाते, दहाएक मिनिटं. वरचा जेर्मानियाचा (जर्मनीची भारतमाताच म्हणा) भव्य पुतळा १८८३ चा, तो बघाच, पण खरं बघायचं ते पायाखाली. निफाडची जमीन सपाट आणि काळी. इथं स्लेट-क्वार्ट्झाइटचा खडकाळ चढ, काही ठिकाणी इतका उभा की ट्रॅक्टरला माथ्यावरून दोर बांधून खाली सोडतात. मांडव नाही, इंग्रजी वाय अक्षरासारखे आधार नाहीत. माणसाच्या उंचीच्या तारा आणि वेल त्यांच्यामध्ये उभी धरलेली, म्हणजे दोन्ही बाजूंनी ऊन.

येताना चालत उतरा, बागांमधून पायवाट आहे. जूनच्या मध्याला रीसलिंग फुलोऱ्यात असेल किंवा नुकतं मणी धरत असेल. इथं वहिनींना पुढे करा. त्या फुलोऱ्याला अगदी मंद, मोहरासारखा गोडसर वास असतो, उन्हं वर आली की येतो. घड बघून त्यांना पहिला धक्का बसेल: एवढासा? पिकल्यावरही तळहातात मावणारा, मणी गच्च. बी असलेला, जाड सालीचा. आपल्या बिनबियांच्या थॉमसन जातीच्या लांब मण्यापुढे पोरकाच. पण वाइनचा वास-चव पुष्कळशी सालीत असते, म्हणून त्यांना लहान मणीच हवा. विरळणीचं सगळं गणित इथं उलटं.

आणखी एक. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी, अशा दोन छाटण्या करून तिला वळण लावावं लागतं. तिकडे थंडीत वेल मेल्यासारखी पडते, तेव्हा एकदाच कात्री लागते. फुलोऱ्यापासून साधारण शंभर दिवसांनी तोडणी. बाकी दुखणी तीच. डाउनी तीच, भुरी तीच, जूनमध्ये फवारणीचा तोच वास येईल. मुळंसुद्धा परकीच, फायलोक्सेरा किडीनं एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बागा खाल्ल्या, तेव्हापासून तेही अमेरिकी खुंटावर कलम करतात. तुमचा डॉगरिज खुंटही तिकडचाच की.

मोह होईल तो आधीच सांगते. एक काडी खिशात टाकावी असं वाटेल. द्राक्षवाल्या प्रत्येक माणसाला वाटतं. टाकू नका. अमेरिकेच्या विमानतळावर रोपं-फळं-काड्या यांच्यावर डोळा असतो, कुत्रीसुद्धा हुंगत फिरतात, आणि तिथं 'शेतात गेला होता का' असं विचारतात. खरं उत्तर द्यायचं: हो, जर्मनीत द्राक्षबागेत. त्यासाठी परतताना बुटांचे तळवे ओल्या कागदानं नीट पुसून ठेवा. तसंच, नातवंडांसाठी पेढे आणि साजूक तूप हातातल्या पिशवीत असेल तर जर्मनीत बाहेर पडताना अडचण होईल, युरोपात दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे. ते मोठ्या बॅगेत घाला, ती तिथं उतरतच नाही. वाटेसाठी पाणी घालून मळलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पुरे. तिथलं काही खायचंच असेल तर श्पुंडेकेझ मागा: चक्क्यासारखं मऊ चीज, त्यात कांदा आणि लाल तिखटाची रंगापुरती पूड, सोबत खारी ब्रेझेल. शाकाहारी आहे आणि धपाट्याबरोबरही छान लागतं. (हे मी करून बघितलंय.)

आता वाइन. दोन गोष्टी. ड्रोसलगासे नावाची अरुंद गल्ली गावात आहे, बँड, गर्दी, फोटो. एका टोकानं शिरा, दुसऱ्यानं बाहेर पडा, मध्ये बसू नका. दुसरं, नदीकाठी बागायतदार आळीपाळीनं वाइन ओततात ते स्टॉल फार छान, पण ते बहुतेक दुपारी किंवा संध्याकाळी उघडतात, तुम्ही तेव्हा रांगेत असाल. म्हणून सकाळी उघडणारं एखादं विनोथेक, म्हणजे वाइनचं दुकान-कम-चाखणीघर, जावयांकडून आधी मेल करून पक्कं करा. सोमवारी पुष्कळ बंद असतात, तुमचा गुरुवार बरा. दारात एवढंच म्हणा: 'आइने क्लाइने वाइनप्रोबे, बिटे.' छोटीशी चाखणी, कृपया. आणि 'ट्राउबेनझाफ्ट' हा एक शब्द वहिनींचा वहिनींनाच म्हणू द्या.

तुम्ही द्राक्षवाले, म्हणून बाटलीवरची भाषा तुम्हाला पर्यटकांपेक्षा लवकर कळेल. द्राक्षातल्या साखरेसाठी आपण ब्रिक्स मोजतो, ते एक्सले मोजतात. एक्सलेच्या आकड्याला ढोबळमानानं चारनं भागलं की ब्रिक्स. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे ही नावं म्हणजे तोडताना द्राक्षात किती साखर होती त्याच्या पायऱ्या. राइनगाउत रीसलिंगच्या श्पेटलेझेला किमान ८५ एक्सले लागतात, म्हणजे २० ब्रिक्सच्या पुढे. आपण निर्यातीचा माल १६-१८ ला तोडून मोकळे होतो. पण द्राक्षात साखर होती म्हणून वाइन गोड असेलच असं नाही, ती साखर आंबून दारू झालेली असू शकते. गोडी कळायला 'ट्रोकन' हा शब्द बघा, तो असला की कोरडी, म्हणजे गोड नसलेली. 'फाइनहेर्ब' म्हणजे जराशी गोडसर. 'झ्युस' गोड.

श्पेटलेझे म्हणजे उशिराची तोडणी, आणि त्याची गोष्ट तुम्हाला गाडीच्या उजव्या खिडकीतून दिसेल. गाइझेनहाइमच्या अलीकडे टेकडीवर योहानिसबेर्गचा पिवळा वाडा आहे. १७७५ मध्ये ही बाग फुल्डाच्या धर्माधिपतीची होती आणि त्याची परवानगी आल्याशिवाय तोडणी करता येत नसे. त्या वर्षी परवानगी घेऊन येणारा घोडेस्वार वेळेत आलाच नाही. आला तेव्हा द्राक्षं बुरशीनं सुकलेली. तशीच तोडली, आणि वाइन अशी झाली की मग मुद्दाम उशीर करायला लागले. वाड्याच्या अंगणात त्या स्वाराचा पुतळा आहे. मंजुरीच्या एका सहीसाठी हंगाम लटकणं आपल्याला नवं नाही, फक्त आपल्याकडे त्या कारकुनाचा पुतळा अजून कोणी उभारलेला नाही.

चाखायला कोरडीपासून सुरू करा, गोड शेवटी. पेला देठाला धरा, नाक आत घाला, मग एक घोट तोंडात सगळीकडे फिरवा. नाकात काय आलं ते इंग्रजीत शोधू नका. कोवळ्या रीसलिंगमध्ये मला कैरी आणि लिंबाची साल सापडते. जुनी असेल तर चक्क रॉकेल! दचकू नका, बाटली खराब नाही, जुन्या रीसलिंगचा तो ओळखीचा वास आहे आणि जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजतात. आंबटपणा दातांना जाणवेल. 'आंबट आहे' असं बेधडक म्हणा, ओतणाऱ्याला त्यात कौतुकच ऐकू येईल.

आणि हो, थुंकतात. टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, नसेल तर मागायचं. अपमान वगैरे काही नाही, ओतणारा स्वतः दिवसभर तेच करतो. तुम्ही तर थुंकाच. रात्रभर झोप नाही, पोटात विमानातला नाश्ता, वर बीपीची गोळी, आणि पुढे आठ तास हवेत. अशा वेळी एरवी न जाणवणारा पेला डोक्यात जातो, आणि झिंगलेल्या प्रवाशाला विमानात घ्यायला कंपनी नकार देऊ शकते. चार-पाच वाइन, प्रत्येकीचे दोन घोट, त्यातली आवडलेली एकच गिळायची, मध्ये भरपूर पाणी. गोळी आणि वाइन यांचं मात्र निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, तिथं माझा सल्ला चालवू नका. बाटली आवडली तर नाव लिहून घ्या, विकत घेऊ नका. परत सिक्युरिटीतून जायचंय, तिथं ती कचऱ्यात गेली तर जीव हळहळेल. जावयांसाठी न्यायचीच असेल तर सिक्युरिटीनंतरच्या दुकानातून. अमेरिकेत माणशी एक लिटर करमुक्त चालते. पण वहिनींच्या नावावरची लिटर वापरायची की नाही, ते त्यांना विचारून.

त्या 'नाही' म्हणाल्या तर? चाखणीला नाही म्हणाल्या तरी बागेला म्हणणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. मग रोपवे, पायवाट, नदीकाठी बाकावर धपाटे, आणि एकच्या गाडीनं परत. वाइन राहिली तर राहिली. नाशकात घरापासून तासाभरावर मिळते, तिथं एकटेही जाऊ शकता, सांगून.

पोचलात की पत्र पाठवा. फुलोऱ्याबद्दल वहिनी काय म्हणाल्या ते आधी लिहा, वाइनचं नंतर.